विमानभाडं धरून

मेश्रामकाकू आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या टेबलासमोर न थांबता बाजूला उभ्या राहिल्या. समोर रिकामी खुर्ची होती. मी बसा म्हटलं.

"समोर उभं राह्यलं का मागच्याचा रस्ता अडते," त्या म्हणाल्या.

मागे कोणीच नव्हतं. दुपारची वेळ होती. आमचे मालक संजू भैया जेवायला घरी गेले होते आणि पंख्याखाली मी एकटी बसले होते. काकूंनी भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. पोस्टरवर एक पांढरंशुभ्र, इमारतीएवढं जहाज होतं, त्याखाली किंमत आणि किमतीखाली बारीक अक्षरांत इंग्रजी ओळ.

"या भावात विमान धरलं आहे का वेगळं?"

"धरलंय. रायपूरपासून रायपूरपर्यंत."

"आन न धरता घेतलं तं?"

"तसंही मिळतं. मग सिंगापूरच्या बंदरापर्यंत तुम्ही तुमचं जायचं."

"हव," त्या म्हणाल्या, "विचार करून सांगते." आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, पुन्हा बाजूला उभ्या राहिल्या आणि पुन्हा हेच विचारलं. त्यानंतर त्या येतच राहिल्या.

छत्तीसगढ राज्य नवीन होतं तेव्हा. बाबांचं खातं भोपाळहून रायपूरला आलं, म्हणून आम्ही आलो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालेलं. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि तिन्ही भाषांत मी अबोलच. पण मुंबईच्या मोठ्या सहल कंपनीचे इंग्रजी मेल वाचायला आणि व्हिसाचे अर्ज भरायला संजू भैयांना कोणीतरी हवं होतं. शहरात नवा पैसा आला होता. शहराला लागून असलेल्या उरल्याचे रोलिंग मिलवाले, भनपुरीचे ट्रान्सपोर्टवाले, ज्यांची सहल आजवर पुरीच्या पुढे गेली नव्हती, ते बायकामुलांना घेऊन यायचे आणि सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांची चौकशी करायचे. विमान धरून घ्यावं की न धरता, हा प्रश्न सगळेच विचारायचे. त्याचं उत्तर मला पाठ झालं होतं. धरून घेतलं तर विमानाला उशीर झाला तरी काळजी कंपनीची. पण विमान कोणतं, कुठे किती तास बसवून ठेवणार, हे आपल्या हातात नाही. वेगळं घेतलं तर मनासारखं जाता येतं, आधी पोचता येतं, मागे राहता येतं. पण विमान चुकलं तर जहाज थांबत नाही.

हे शेवटचं वाक्य मेश्रामकाकूंना फार आवडलं होतं.

"नाही थांबत? कोण्या मोठ्या माणसासाठी बी नाही?"

"कोणासाठीच नाही."

"मंग चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे तं मंत्र्यासाठी गाडी थांबत होती, आन शिव्या खिडकीतल्या बाईले."

त्या खिडकीतल्या बाई स्वतः काकूच. रायपूर स्टेशनावरच्या चौकशीच्या खिडकीत त्यांनी सगळी नोकरी काढली होती. नवरा रेल्वेत होता, लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, आणि त्याच्या जागी यांना घेतलं. मूलबाळ नव्हतं. माहेर भंडाऱ्याकडचं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण खिडकी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. कोणी काही विचारलं की त्या उत्तर द्यायच्या आणि लगेच तेच उत्तर पुन्हा एकदा द्यायच्या. दोनदा का, असं मी एकदा विचारलं. "पहिल्या वेळेस माणूस ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "उत्तर आलं का नाही, तेवढंच पाहते. दुसऱ्या वेळेस ऐकते." दार वाजलं की घरातून त्या "कोण?" म्हणत नसत, "कहाँ जाना है?" म्हणत. माहीत नाही हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. माहीत नसलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं: "अजून सूचना नाही." भाजीवाला उद्या येईल का? अजून सूचना नाही. नळाला पाणी? अजून सूचना नाही. मी एकदा, आईने विचारायला लावलं म्हणून, पुतणे-भाचे कोणी येतात का भेटायला, असं विचारलं, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं, आणि डब्याचं झाकण उघडून लाखोळीच्या डाळीचा वडा माझ्यासमोर धरला.

संजू भैयांना त्यांचं येणं आधी खटकायचं. "ये आंटी बुकिंग करेंगी कि बस पोस्टर देखने आती हैं?" ते मला विचारायचे, काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. काकूंना ऐकू जायचंच. त्या शांतपणे म्हणायच्या, "भैया, पूछने का पैसा लगता है क्या? हमने तो कभी नहीं लिया।"

पण एका सकाळी उरल्याचे एक मिलमालक ऑफिसात आले. त्यांचं मुंबईचं विमान त्या दिवशी फार उशिरा सुटणार होतं. विमान आमचं नव्हतं आणि ढग आमचे नव्हते, पण ते टेबलावर हात आपटून ओरडत होते. संजू भैया नुसतं "सर, सर" करत होते. माझ्या तोंडून तर आवाजच फुटेना. तेवढ्यात कोपऱ्यातून काकूंचा आवाज आला, एका सुरात, चढ नाही, उतार नाही:

"गाड़ी लेट है भैया, आप तो टाइम पे हैं। बैठिए। गाड़ी लेट है, आप टाइम पे हैं।"

ते गृहस्थ थांबले. इकडेतिकडे पाहिलं. मग खरोखरच बसले. संजू भैयांनी त्या दिवशी पहिल्यांदा काकूंसाठी चहा मागवला, आणि त्यानंतर पोस्टरबद्दल काही बोलले नाहीत.

काकू मात्र भैयांना कधी काही विचारत नसत. विचारायचं ते मलाच. "तू चूप राह्यते म्हणून तुले विचारते," त्यांनी एकदा सांगितलं. "जास्त बोलणारा माणूस रस्ता चुकीचा सांगते." माझ्या गप्प बसण्याचं कोणी कौतुक केल्याचं मला दुसरं आठवत नाही. आई त्याला माणूसघाणेपणा म्हणायची.

जहाजाचं त्यांना नेमकं काय हवं होतं, हे बरेच दिवस माझ्या लक्षात येत नव्हतं. पोहण्याचा तलाव, नाटकगृह, रात्रंदिवस चालणारी खाण्याची टेबलं, यातलं काहीच त्या विचारत नसत. एकदा मी पुस्तिका उघडून खोल्यांची चित्रं दाखवली, तर त्यांनी पानं उलटून मागचा नकाशा काढला. जहाज सिंगापूरहून निघून वर मलेशियाच्या किनाऱ्याला जाऊन परत सिंगापूरला येत होतं. त्या नकाशावर त्यांनी फक्त सिंगापूरवर बोट ठेवलं.

"इथं शकुन राह्यते," त्या म्हणाल्या.

शकुन म्हणजे शकुंतलाबाई. चौकशीच्या खिडकीत दोन खुर्च्या होत्या, एकीवर काकू आणि दुसरीवर शकुन. शकुन इथलीच, छत्तीसगढी बोलणारी. काकू बोलायच्या नागपुराकडची मराठी. दोघींनी मिळून तिसरीच कुठली तरी भाषा तयार केली होती, आणि स्टेशनमास्तरही तिच्यापुढे हात टेकायचे म्हणे. शकुनचा मुलगा इंजिनियर होऊन सिंगापूरला गेला आणि निवृत्तीनंतर आईला घेऊन गेला. दर रविवारी त्यांचा फोन असायचा. पुढे शकुनचे कान गेले. "आता फोनवर तिले माझं समजत नाही," काकू म्हणाल्या. "हॅलो हॅलो करते, मंग पोट्टा फोन घेते आन म्हणते, अम्मा ठीक हैं आंटी. मले का त्याच्या तोंडून ऐकाचं आहे? जवळ बसून, कानापाशी बोललं तं ऐकते ती. पोट्ट्यानंच सांगतलं."

मी पुस्तिका मिटली. विमान धरून की न धरता, हा प्रश्न त्यांच्यासाठी काय होता ते मला त्या दिवशी कळलं.

मी नीट समजावलं. धरून घेतलं तर सगळी माणसं एकत्र उतरतात, विमानतळावरून बस थेट बंदरावर जाते, आणि जहाज परत आलं की त्याच दिवशी बस थेट विमानतळावर. शहरात थांबायला वेळच नसतो. थांबायचं असेल तर न धरता घ्यावं.

"न धरता म्हणजे एकटीनं?"

"हो. मुंबईला विमान बदलावं लागेल. एकटीने."

काकूंनी पोस्टरकडे पाहिलं. विमानात त्या कधी बसल्या नव्हत्या. खरं तर आगगाडीतही फारशा बसल्या नव्हत्या. दसऱ्याला नागपूर आणि एकदा पुरी, एवढाच त्यांचा प्रवास. साऱ्या जगाला फलाट सांगणारी ही बाई स्वतःच्या रेल्वे-पासवर फार कमी फिरली होती.

"जहाजच कशाला मग?" मी विचारलं. मला न विचारताच बरं वाटलं असतं, पण तोंडातून निघून गेलं. "नुसतं विमानाने जा ना त्यांच्याकडे."

"अवं पोट्टी, कोणाच्या घरी असंच कसं जायचं?" त्या म्हणाल्या. "मी फक्त तुले भेटायले येऊन राहिली, असं म्हटलं तं तिच्या सुनेवर भार पडते. जहाजानं फिरायले चालली, रस्त्यात तुझं घर लागते, असं म्हटलं का कोणावर काही नाही."

पासपोर्ट आला तेव्हा तो द्यायला मी त्यांच्या घरी गेले. गुढियारीत, रेल्वेच्या पुलाखालून पलीकडे, मालधक्क्याच्या बाजूच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेर दोन पायऱ्या, आत बुद्धाची तसबीर, एक पलंग, आणि खिडकीशी एक खुर्ची, रस्त्याकडे तोंड करून. रस्त्यावरून जाणारे काकूंना नमस्कार करत होते, पण थांबत कोणी नव्हतं. पासपोर्टवरच्या फोटोत काकूंची मान किंचित पुढे झुकलेली होती, काचेपलीकडचं ऐकायला झुकवावी तशी.

त्या दिवशी त्यांनी मला पुरीची गोष्ट सांगितली. दोघी एकदाच पासवर पुरीला गेल्या होत्या. देवासाठी नव्हे, शकुन देवाला गेली आणि काकू समुद्राकडे बघत बसल्या. परतताना ओडिशातल्या एका लहान स्टेशनावर गाडी थांबली. फलाटावर मोठं झाड होतं आणि त्याखाली बाक. शकुन म्हणाली, किती शांत आहे गं इथे. दोघी उतरल्या. कशासाठी नाही, कोणाकडे नाही. गाडी निघून गेली. त्या बाकावर बसल्या, डबा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पुढे आल्या.

"मधातच उतरलात? तिकिटाचं काय?"

"काय म्हणजे? ब्रेक जर्नी. दूरच्या पासवर मधात उतरता येते. उतरा, राहा, मंग दुसऱ्या गाडीनं समोर जा. तो आपला हक्क आहे बाप्पा." आयुष्यात केलेली एकुलती चैन सांगतानाचा चेहरा होता त्यांचा.

निघायचं ठरलं तेव्हा काकूंनी विमान धरूनच घेतलं. मी पुन्हा म्हटलं, काकू, थांबता येणार नाही. त्या हसल्या. "ते तू माझ्यावर सोड." मला वाटलं, त्यांनी शकुनचा मुलगा बंदरावर आईला घेऊन येईल असं काही ठरवलं असेल. खोली दोघांची होती, म्हणून भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांची सासू, साहू आंटी, त्यांच्या जोडीला दिली. साहू आंटींना घोरण्याची सवय होती आणि ती त्यांनी पहिल्याच भेटीत अभिमानाने सांगितली. "घोरा," काकू म्हणाल्या, "मालगाडीच्या बाजूले झोपणारी बाई आहे मी."

निघण्याच्या आधी संजू भैया सगळ्यांना ऑफिसात बोलावून टोप्या आणि बॅगा वाटायचे आणि कार्यक्रम समजावून सांगायचे. मिठाई असायची. कोणाला गळ्यात अडकवायचं पाकीट पिवळं हवं असायचं, कोणाला निळं. भैयांनी परतीचा दिवस सांगितला: जहाज सकाळी लागणार, तिथून थेट विमानतळ. तेव्हा मागून काकूंचा हात वर झाला.

"भैया, मैं वापसी में तीन दिन बाद आऊँगी। सिंगापुर में ब्रेक जर्नी कर रही हूँ।"

भैयांना समजलं नाही. "क्या कर रही हैं?"

"ब्रेक जर्नी. उतर के रुकूँगी. फिर बाद के विमान से आऊँगी, इसी टिकट पे."

कोणीतरी हसलं. मग एकाचं पाहून दुसरा हसला, आणि साहू आंटींचा जावई म्हणाला, "आंटी, ये बिलासपुर लोकल नहीं है।" मोठा हशा झाला. काकू हसणाऱ्यांकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी उठून त्यांच्यापाशी गेले आणि हळू आवाजात सांगितलं. विमानाच्या अशा तिकिटात मधे उतरून राहता येत नाही. ज्या विमानात नाव आहे त्यात बसलं नाही, तर पुढची सगळी तिकिटं रद्द होतात. सिंगापूरहून मुंबई, मुंबईहून रायपूर, सगळी.

"माणूस उतरला का तिकीट मरते?"

"हो."

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "पैसे तं पुरे दिले ना मी?"

मी सवयीने तेच उत्तर पुन्हा एकदा सांगितलं. दुसऱ्या वेळेस त्यांनी ऐकलं. हातातली निळी टोपी त्यांनी घडी करून बॅगेत ठेवली. "मी तं तिले सांगून बसली, तीन दिवस राह्यते म्हणून," त्या म्हणाल्या. "पोट्ट्यानं सुट्टी बी टाकली आहे." मिठाई न घेता त्या निघाल्या. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांना गाडीचे नियम सांगितले, तिने हा नियम कोणाला विचारलाच नव्हता. आपल्याकडे नळ उघडला की पाणी खालीच पडतं का, हे कोणी विचारत नाही, तसं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायला गेले तर काकू बंद शटरसमोर उभ्या होत्या. भैया यायचे होते. आत गेल्यावर मी बसा म्हटलं. पण त्या बसल्या नाहीत, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच अगदी टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"एक सांग. विमानातून उतरलं तं विमानाचं तिकीट मरते. जहाजात चढलंच नाही तं?"

मला आधी समजलं नाही.

"जहाजात नाही चढली, तं विमानाचं तिकीट मरते का?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. जहाजाचे पैसे देऊन जहाजात न चढणारं गिऱ्हाईक आमच्याकडे आलंच नव्हतं. मी मुंबईला फोन लावला. तिकडच्या मुलीने दोनदा विचारून खात्री करून घेतली की मी चेष्टा करत नाही. मग वरिष्ठांना विचारून सांगितलं की जहाज वेगळं, विमान वेगळं. पैसे परत मिळणार नाहीत. परतीच्या दिवशी विमानतळावर सगळ्यांसोबत वेळेवर हजर राहायचं, बाकी हरकत नाही.

"म्हणजे जहाज फिरून येते तवापर्यंत मी शकुनकडे," काकू म्हणाल्या. "तीन दिवसांच्या वर होते ते."

तेवढ्यात संजू भैया आले. त्यांना सगळं ऐकवल्यावर ते डोक्याला हात लावून बसले. माणूस वाईट नव्हता. काकूंचं नुकसान त्यांना खरंच बघवत नव्हतं. "आंटी, ये टिकट छोड़िए, मैं आपको अलग से हवाई जहाज का टिकट करा देता हूँ। आधा पैसा आपका पानी में जा रहा है!"

"जहाज का पैसा पानी में ही जाता है भैया."

"मज़ाक नहीं आंटी. अलग टिकट में सस्ता पड़ेगा."

काकूंनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, जणू भैयांना समजावणं माझं काम होतं, "त्याले सांग, मी एकटी नाही जात. लोकांच्या संगं जाते, लोकांच्या संगं येते. मधातलं माझं मी पाहून घेईन."

मी ते भैयांना हिंदीत सांगितलं. सांगताना माझा आवाज स्पष्ट निघाला.

साहू आंटींना अख्खी खोली एकटीला मिळणार हे कळल्यावर त्यांनी काकूंच्या घरी ठेठरी-खुरमीच्या फराळाचा डबा पाठवला.

मंडळी परत आली त्या दिवशी मी रायपूरच्या माना विमानतळावर होते. ऑफिसातून कोणीतरी जायचं असायचं. भैया दुसऱ्या कामात होते. दारातून एकेक जण बाहेर येत होता, निळ्या टोप्या, उन्हाने काळवंडलेली नाकं, मोठमोठ्या चॉकलेटच्या पिशव्या. बाहेर मुलं, सुना, ड्रायव्हर, एका कुटुंबाने तर हार आणले होते. जहाजावरच्या जेवणाची वर्णनं तिथेच, सामानाच्या गाड्यांवर टेकून सुरू झाली. सगळ्यात शेवटी काकू आल्या. एक बॅग, पाण्याची बाटली, आणि काखेत एक छत्री, जी जाताना नव्हती.

साहू आंटींच्या नातीने त्यांना वाटेतच अडवलं. "आंटी, जहाज कैसा था?"

"बहुत बड़ा था," काकू म्हणाल्या. ते त्यांनी बंदरावरून पाहिलं होतं. "बहुत बड़ा था बेटा."

मग त्यांनी मला पाहिलं. "कोणाले घ्यायले आली?"

मी त्यांच्या हातातली बॅग घेतली. "तुम्हाला," मी म्हटलं.

आम्ही ऑटोत बसलो. माना कॅम्पपासून शहरापर्यंतचा रस्ता तेव्हा दोन्ही बाजूंनी खोदलेला होता, आणि धूळ इतकी की ऑटोवाल्याने तोंडाला गमछा बांधला होता. अर्ध्या वाटेत काकू म्हणाल्या:

"बारीक झाली शकुन. पंधराव्या माळ्यावर राह्यते. पोट्टा-सून कामावर जातात, नातू शाळेत. दिवसभर ती खिडकीपाशी बसून राह्यते. खाली माणसं मुंग्यांवानी दिसतात. कोणी काही विचारत नाही तिले."

"ऐकू आलं तुमचं?"

"आलं ना. उजव्या कानापाशी बसली. दोन दिवस बोललो. कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, खिडकीत आता कोण बसते. सारं सांगतलं. तिसऱ्या दिवशी सांगायले काही उरलंच नाही." त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मंग चूप बसलो दोघी. दिवसभर. सुनेले वाटलं भांडलो." त्या हसल्या. "तिले काय सांगू? बोलायले तं कोणी बी भेटते वं. चूप बसायले कोण भेटते?"

पुढे रेल्वेचं फाटक लागलं. ऑटो थांबला. मालगाडी जात राहिली, डब्यामागून डबा, आणि आम्ही तिच्याकडे बघत बसलो.

"ती आता नाही येत इकडं," गाडी गेल्यावर काकू म्हणाल्या. "मी बी पुन्हा नाही जात. पोट्ट्यानं म्हटलं या म्हणून. पण नाही. एकदा जमून गेलं." मग जरा वेळाने, रस्त्याकडे बघत, "तुमच्या ऑफिसात विचारायले बी आता काही राह्यलं नाही."

या तुम्ही, असंच या, हे मला म्हणायचं होतं. पण मी विचार करेपर्यंत ऑटो पुलाखालून पलीकडे गेला होता, आणि पुलाखालच्या आवाजात बोलण्यात अर्थ नव्हता.

घर आलं तेव्हा त्यांनी मला उतरू दिलं नाही. "तू जा. माय वाट पाहत असन तुझी." बॅग त्यांनी पायरीवर ठेवली, चोळीतून किल्ली काढली आणि कुलपाला लावली. ऑटोवाला गल्लीत वळवायला जागा शोधत होता. गल्ली अरुंद, त्याला मागे-पुढे करावं लागलं. म्हणून मला दिसलं.

काकूंनी कुलूप उघडलं नाही. किल्ली तशीच कुलपात लटकत ठेवून त्या वळल्या आणि पायरीवर बसल्या. दुपार होती, पाऱ्यात कोणी नव्हतं. आधी त्या पायरीच्या मधोमध बसल्या. मग थोड्या एका कडेला सरकल्या, शेजारी आणखी एक जण बसेल इतकी जागा सोडून.

ऑटो वळला.